इथून आरपार जाता येतं का?

बारा-पंधरा वर्षांपूर्वी मी पुण्यात सिंहगड रस्त्यावर माणिकबागेत राहत होतो. घरी आलेला पाहुणा गच्चीवर गेला की हमखास विचारायचा, "ते पलीकडे दिसतंय ते काय?" ते कर्वेनगर. मधे फक्त मुठा नदी. "अरे, मग जवळच आहे की!" असं तो म्हणाला की त्याला खाली आणून, चहा देऊन समजावावं लागायचं. कर्वेनगरला जायचं तर एक तर शहराच्या दिशेने मागे राजाराम पुलापर्यंत यायचं, नाही तर पुढे वडगावला जाऊन हायवेच्या पुलावरून वारज्यात उतरायचं. मधल्या सगळ्या पट्ट्यात गाडी जाईल असा पूल नव्हता. सनसिटीपासून पलीकडे पूल हवा, ही मागणी तेव्हाही जुनी झाली होती. माझी मावशी कर्वेनगरला राहायची. तिच्या गॅलरीतला आकाशकंदील मला माझ्या गच्चीवरून ओळखू यायचा. फराळाचा डबा पोचवायला मात्र पाऊण तास लागायचा.

या पुस्तकाचं हस्तलिखित वाचायला घेतलं तेव्हा पहिल्या वीस पानांतच तो डबा आठवला. लेखिकेने पुण्याच्या पेठांपासून वाघोली-धायरीपर्यंत पायी हिंडून एकच प्रश्न विचारला आहे. आपण सगळेच अनोळखी गल्लीच्या तोंडाशी स्कूटर थांबवून तो पानटपरीवाल्याला विचारतो: इथून आरपार जाता येतं का? शहराच्या वाढीवर आपल्याकडे बरंच बोललं जातं. लोकसंख्या, मजले, एफएसआय, पाणी, कचरा, मेट्रो हे सगळं येतं. रस्ता किती रुंद आहे हेही येतं. पण एक रस्ता दुसऱ्याला मिळतो की नाही, आणि मिळत नसेल तर का, हा प्रश्न पुस्तकाच्या लांबीने मराठीत कुणी घेतल्याचं माझ्या वाचनात नाही. म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने हो म्हटलं. त्यात थोडा जुना हिशेबही चुकता करायचा होता.

सिंहगड रस्त्याकडेच पुन्हा बघू. उत्तरेला नदी, दक्षिणेला खडकवासल्याहून येणारा मुठेचा उजवा कालवा, त्याच्यामागे पर्वती-तळजाईच्या टेकड्या. या चिंचोळ्या पट्टीतून एकच मोठा रस्ता जातो. विठ्ठलवाडी, हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग, वडगाव, धायरी फाटा ही सगळी वस्ती त्याला फणीच्या दातांसारखी चिकटली आहे. प्रत्येक दात म्हणजे एक गल्ली, आणि बहुतेक गल्ल्यांचं दुसरं टोक कुणाच्या तरी भिंतीला टेकलेलं. शेजारच्या गल्लीतल्या दवाखान्यात जायचं तरी आधी मोठ्या रस्त्यावर यायचं, तिथल्या गर्दीत शिरायचं आणि पुढच्या दातात वळायचं. शाळेची बस, पाण्याचा टँकर, रुग्णवाहिका आणि रविवारी पिठलं-भाकरी खायला गडावर निघालेलं अख्खं पुणं, सगळे त्याच रस्त्यावर. आता तिथे उड्डाणपूल झाले आहेत. उड्डाणपुलाने मोठा रस्ता वेगवान होईल. पण दोन दात एकमेकांना जोडले जात नाहीत, आणि दवाखान्यात जाणारा माणूस अजूनही पुलाखालच्या गर्दीतच असतो.

यामागचं गणित शाळकरी आहे. कागदावर तीन बाय तीन अशी नऊ चौकोनांची चौकट आखा आणि रेषांना रस्ते समजा. खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्यात, मागे न फिरता, जायच्या किती वाटा निघतात? वीस. आणि विसांची लांबी अगदी सारखी. एका ठिकाणी खोदकाम निघालं, गणपतीचा मांडव पडला, लग्नाची वरात अडली, तरी बऱ्याच वाटा उरतात. फणीत वाट एकच. म्हणून अभ्यासक शहराचं रस्त्यांचं जाळं तपासताना रुंदीच्या आधी चौक मोजतात, बंद टोकं मोजतात आणि एका चौकातून किती फाटे फुटतात ते पाहतात. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि ॲडम मिलार्ड-बॉल या दोघांनी असाच हिशेब आधी अमेरिकेचा आणि मग २०२० साली सगळ्या जगाचा मांडला. अमेरिकेत तुटक रस्त्यांची लाट नव्वदच्या दशकाच्या मध्यावर शिखरावर पोचून ओसरू लागली होती, आणि जगाच्या मोठ्या भागात मात्र ती चढत होती. त्यांच्या मांडणीतली मला सर्वांत पटणारी गोष्ट अशी की इमारती बदलतात, रस्त्यांचा आराखडा जवळजवळ बदलत नाही. त्यासाठी आपल्याला अमेरिकेत जायला नको. पेठांतले वाडे पडून तिथे चारमजली इमारती आल्या, पण भाऊ महाराज बोळ होता तिथेच आहे.

मग पेठांतले बोळ एकमेकांना मिळतात, ते धायरीत का जमलं नाही? इथे पुस्तकाचं तिसरं प्रकरण येतं, आणि माझ्या मते ते या पुस्तकाचा कणा आहे. सर्वसाधारण समज असा की बिल्डर लोभी, नगरसेवक सामील, प्रशासन झोपलेलं. यात काही खोटं नाही. पण लेखिका आणखी मागे जाते, थेट सात-बाऱ्यापर्यंत. १८३५-३६च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी आपल्याच जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यात, जमिनीची नव्याने मोजणी सुरू केली, आणि तीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. मोजणीची साखळी ३३ फुटांची. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. हेतू सरळ होता: कुणाच्या नावावर किती जमीन आणि तिचा सारा किती. शेताला जायला बैलगाडीची वाट, गावांच्या सीमेवर शिवरस्ता, ओढ्याकडे पाणंद, एवढं पुरेसं होतं. सर्व्हे नंबरच्या रेषा शहरासाठी आखलेल्या नव्हत्याच.

पुढे वाटण्या झाल्या. प्रत्येक भावाला वाटेला तोंड हवं, पाण्याला टोक हवं. म्हणून शेतं लांबट, अरुंद पट्ट्यांत चिरली गेली. शहर जवळ आलं तसे हे पट्टे एकेक करून विकले गेले. एकाने आपल्या पट्ट्याच्या मधोमध पंधरा फुटांची गल्ली सोडून दोन्ही बाजूंना गुंठा-गुंठा विकला. गल्लीला जमीन जितकी जास्त, तितका विकायला गुंठा कमी. तेव्हा पंधरा फूटसुद्धा उदारपणाचेच. दोन वर्षांनी शेजारच्याने तेच केलं. त्याची गल्ली पहिल्याच्या गल्लीला समांतर, मधे पूर्वीचा बांध, बांधावर आता विटांची भिंत. पहिल्याच्या गल्लीतून आपल्याकडे यायला वाट ठेवायचं दुसऱ्याला काही कारण नव्हतं, आणि ठेवा म्हणून सांगणारंही कुणी नव्हतं. साऱ्यासाठी मारलेली रेघ अशी दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी कॉलेजला निघालेल्या मुलीची वाट ठरवते. राज्याने २००१ साली गुंठेवारीचा कायदा करून असे भूखंड नियमित करायची सोय केली. त्या सोयीने लोकांची घरं वाचली, हे चांगलंच झालं. गल्ल्या मात्र होत्या तशाच कायम झाल्या.

याला दुसरा मार्ग होता आणि तो पुण्यानेच एकदा धरला होता, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. डेक्कन-शिवाजीनगर भागातल्या जुन्या पत्त्यांत 'फायनल प्लॉट नंबर' लिहिलेला सापडतो. हे शब्द मुंबई इलाख्याच्या १९१५च्या नगररचना कायद्यातून आले. त्या कायद्याखाली भांबुर्ड्याची, म्हणजे आजच्या शिवाजीनगरची, नगररचना योजना झाली. पद्धत अशी: एका भागातल्या सगळ्या मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र करायच्या, बांध पुसायचे, आधी रस्ते आणि मोकळ्या जागा आखायच्या, आणि मग प्रत्येकाला थोडी लहान पण चौकोनी, रस्त्याला लागून असलेली जमीन परत द्यायची. कुणाचीच जमीन पूर्ण जात नाही, आणि रस्ता बांधापाशी अडत नाही. प्रभात रस्त्याच्या नंबरी गल्ल्यांतून भांडारकर रस्त्यावर चालत निघता येतं, त्याच्या मुळाशी ही शिस्त आहे. तिथली घरं श्रीमंतांची होती हे खरं, पण नुसत्या श्रीमंतीने गल्ल्या जुळत नाहीत. बाणेर-बावधनला श्रीमंती काही कमी नाही.

गुजरातने हा रस्ता सोडला नाही. १९७६च्या त्यांच्या कायद्यात नगररचना योजना शहरवाढीचं मुख्य हत्यार राहिली, आणि अहमदाबादचा बराचसा विस्तार तिच्यावर उभा आहे. आपल्या १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमातही योजनांचं प्रकरण आहे, पण आपण भर दिला तो विकास आराखड्यावर. आराखड्यात रस्ता रंगवायचा, जमिनीवर आरक्षण टाकायचं आणि पुढे पैसे आले की संपादन करायचं, किंवा मालक बांधकाम परवानगी मागायला आला की टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामहक्क) नाही तर एफएसआय देऊन त्याच्यापुरता तुकडा ताब्यात घ्यायचा. यातून तयार होतो तो आपला ओळखीचा 'डीपी रस्ता': दोनशे मीटर ऐसपैस, दुभाजकावर बोगनवेल, आणि मग अचानक पत्र्याची शेड, शेडसमोर म्हैस. शेडच्या पलीकडे तोच रस्ता पुन्हा सुरू होतो. महापालिकेच्या भाषेत मधल्या तुकड्याला 'मिसिंग लिंक' म्हणतात. म्हशीचा मालक हटवादी असतो असं नाही. शेजाऱ्याला जे मिळालं ते त्याला अजून मिळालेलं नसतं. कात्रज-कोंढवा रस्ता ८४ मीटर रुंद करायचं ठरलं आणि भूसंपादनाचा खर्च झेपेना म्हणून तो ५० मीटरवर आला. १९८७च्या आराखड्यातला एचसीएमटीआर हा वर्तुळाकार वाहतूक मार्ग आज नकाशातच फिरतो आहे.

त्यात हद्द वाढतच राहिली. महापालिका १९५० साली झाली. १९९७च्या आधी तिचं क्षेत्र दीडशे चौरस किलोमीटरच्या आत होतं. आज ते पाचशेच्या घरात आहे. १९९७ साली आलेल्या गावांच्या आराखड्याचा काही भाग मंजूर व्हायला दहा वर्षांहून अधिक गेली, आणि टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाचा निर्णय लागायला २०१५ उजाडलं. त्यानंतर २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आत आली. 'समाविष्ट गावे' हा शब्द आता पुण्याच्या वर्तमानपत्रांत रोज असतो. गाव समाविष्ट होईपर्यंत त्याची शेतं विकून, चिरून, बांधून झालेली असतात, आणि आराखडा करणाऱ्याला रस्ता आखायला उरतो तो ओढा.

हिंजवडीबद्दल मी इथे जास्त लिहीत नाही, कारण पुस्तकात त्यावर पूर्ण प्रकरण आहे आणि ते वाचताना हसू आणि संताप एकदमच येतात. एवढंच सांगतो: आतले रस्ते एमआयडीसीचे, बाजूचे ग्रामपंचायतीचे, पुढचे पीएमआरडीएचे, आणि या सगळ्यांतून रोज कामाला जाणारी माणसं मात्र तीच.

आता बसचा मुद्दा. लेखिकेने तो एका परिच्छेदात उरकला आहे. मी असतो तर त्यावर दहा पानं खर्ची घातली असती. पुण्यात बस का चालत नाही, यावर पीएमपीला शिव्या देणं सोपं आहे. पण बसला आत शिरायला एक तोंड आणि बाहेर पडायला दुसरं तोंड लागतं. बंद टोकाच्या गल्लीत ती शिरत नाही, शिरली तर वळत नाही. मग थांबा मोठ्या रस्त्यावर राहतो आणि घरापासून थांब्यापर्यंतचं अंतर आणखी लांबतं, कारण तेही फणीच्या दातातूनच कापायचं. ज्या बाईचं घर थांब्यापासून सरळ रेषेत तीनशे पावलांवर आहे, तिला प्रत्यक्षात बाराशे पावलं पडतात, त्यातली निम्मी फुटपाथ नसलेल्या रस्त्याने. दोन महिन्यांत ती हप्त्यावर स्कूटर घेते. एके काळचं सायकलींचं शहर दुचाकींचं कसं झालं, याचं उत्तर शोधताना आपण पुणेकरांच्या स्वभावापर्यंत जातो. गल्लीच्या बंद टोकापर्यंत जात नाही. दरवर्षी ११ डिसेंबरला महापालिका लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा करते, रस्ता गाड्यांना बंद असतो, लोक हौसेने फोटो काढतात. १२ तारखेला काय होतं ते वाचकाला सांगायला नको.

एका बाबतीत माझं लेखिकेशी जमत नाही, आणि हस्तलिखित वाचून झाल्यावर मी तिला ते सांगितलंही. पेठांवर तिचं प्रेम जरा जास्त आहे. जोगेश्वरीच्या बोळातून, तुळशीबागेच्या आवारातून, वाड्याच्या पुढच्या दारातून मागच्या दारी निघणारी तिची वर्णनं वाचायला सुरेख आहेत. पण रस्ता आरपार असणं आणि तो सर्वांना आरपार असणं, या दोन गोष्टी पेठांतही वेगळ्या होत्या. जोतीराव फुल्यांना १८६८ साली गंज पेठेतल्या आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला करावा लागला, तो त्या शहरात बोळ कमी होते म्हणून नव्हे. तेव्हा जुनं सगळं जोडलेलं आणि नवं सगळं तुटलेलं, अशी विभागणी मला मान्य नाही. आजच्या सोसायटीची कंपाउंड वॉल नवी असेल, पण ती कुणासाठी बांधली जाते, हा प्रश्न जुनाच आहे. पुढच्या आवृत्तीत यावर एखादं टिपण यावं, अशी माझी विनंती आहे.

उलट बाजूनेही एक आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. गल्ली आरपार झाली की मोठ्या रस्त्यावर तुंबलेल्या सगळ्या गाड्या तिच्यात घुसतात. प्रभात रस्त्यावरच्या कुणाही रहिवाशाला विचारा. बंद टोकाच्या गल्लीत मुलं क्रिकेट खेळतात, म्हातारी माणसं खुर्ची टाकून बसतात. ते सुख मी भोगलेलं आहे आणि त्याची मला किंमत आहे. पण वाट आणि गाडीरस्ता एकच असला पाहिजे असं कुठे लिहिलंय? भिंतीत चार फुटांची फट ठेवली, मधे दोन खांब रोवले, तर माणूस जातो, सायकल जाते, म्हातारी काठी टेकत जाते, चारचाकी अडते. असल्या वाटेला भूसंपादन लागत नाही, उड्डाणपुलाचं टेंडर लागत नाही. म्हणूनच बहुधा तिच्यात कुणाला रस नसतो.

शेवटी एक गोष्ट सांगतो, जी पुस्तकात नाही. माणिकबाग सोडून मी शहराच्या पूर्वेकडच्या एका सोसायटीत राहायला आलो. तिच्या मागच्या भिंतीपलीकडे एक वस्ती आहे आणि वस्तीच्या पलीकडे बसथांबा. आमच्याकडे धुणंभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या बायका त्या वस्तीतून येतात. पुढच्या गेटने यायचं तर त्यांना हायवेला वळसा पडतो. मी आलो तेव्हा भिंतीत एक भगदाड होतं, खाली विटांची पायरी रचलेली. वार्षिक सभेत ठराव झाला: सदर भगदाड सुरक्षेच्या दृष्टीने तातडीने बुजवण्यात यावे. बुजवलं. दोन आठवड्यांत पुन्हा पडलं, हातभर डावीकडे. पुन्हा बुजवलं, वर काचा लावल्या. पावसाळ्यानंतर ते परत होतं. कोण पाडतं, हे सगळ्यांना माहीत होतं आणि सकाळी आठला ज्यांच्या ओट्यावर भांडी पडलेली असायची, त्यांतलं कुणीच बोलत नव्हतं.

हे हस्तलिखित हातात असताना मी लेखिकेकडून आमच्या भागाचा आराखड्याचा नकाशा मागून घेतला आणि भिंग लावून बसलो. आमच्या मागच्या भिंतीला काटकोनात एक बारा मीटरचा रस्ता दाखवला होता, वस्तीतून थेट बसथांब्यापर्यंत. भगदाड अगदी त्या रस्त्याच्या तोंडाशी होतं. तिन्ही वेळा.

तो नकाशा मी सभेत नेला. बरीच वादावादी झाली. एका सदस्याने विचारलं की मी नेमका कुणाच्या बाजूचा आहे. अखेर भिंतीत एक लोखंडी दार बसवायचं ठरलं. ते बसलं. सकाळी सात ते अकरा उघडं असतं, किल्ली वॉचमनकडे असते.